न बसणारा चौकोन : फरसबंदी शिकवताना वर्गात उभा राहिलेला एक पेच

सातवीच्या एका वर्गात गणित आणि चित्रकला यांचे तास जोडून फरसबंदी शिकवायचं आम्ही ठरवलं. फरसबंदी, म्हणजेच टेसेलेशन: एक आकार घ्यायचा, त्याच्या हुबेहूब प्रती करायच्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवत सपाट जागा भरत न्यायची. मध्ये फट राहता कामा नये, तुकड्यावर तुकडा चढता कामा नये. नियम एवढेच. चौरसाने ते लगेच जमतं आणि मुलांना वाटतं, यात शिकण्यासारखं काय आहे?

त्या सगळ्या तासांचा वृत्तांत इथे देत नाही. लिहायचं आहे ते मुख्यतः एका गटाबद्दल. या गटाने पुराव्यासकट सांगितलं की आमचा चौकोन बसत नाही. भूमिती म्हणते कुठलाही चौकोन बसतो, आणि मुलांपुढे बाकावर न बसणारा चौकोन पडलेला. हा पेच सुटता सुटता वर्गाला जे कळलं ते पुढच्या सगळ्या कामाला पुरलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

सुरुवात कशाने करायची

चित्रकलेच्या सरांचा आणि माझा मतभेद इथेच झाला. सरांचं म्हणणं, आधी एशर या डच चित्रकाराची चित्रं दाखवू. एकमेकांत गुंतलेले पक्षी, मासे, सरडे पाहिले की मुलं आपसूक ओढली जातील. ओढली जातात हे खरंच. पण मग ती थेट सरड्यापासूनच सुरू करतात. आधी सरडा काढतात, कापतात आणि दोन सरडे एकमेकांत बसवू पाहतात. ते बसत नाहीत, आणि मूल मनाशी ठरवून टाकतं की हे काम हातात कला असलेल्यांचं, आपलं नव्हे. खुद्द मॉरिट्स एशरची वाट अशी नव्हती. स्पेनमधल्या ग्रॅनाडातल्या अलहम्ब्रा राजवाड्यातल्या भौमितिक नक्ष्या त्याने १९२२ मध्ये पाहिल्या, १९३६ मध्ये पुन्हा जाऊन त्या बारकाईने उतरवून घेतल्या, आणि प्राण्यापक्ष्यांनी भरलेली त्याची फरसबंदी खरी बहरली ती त्यानंतर. आधी जाळी, मग त्यात जीव. सरांना हे पटलं आणि चित्रं शेवटाकडे ढकलली गेली.

मुलांना पाठ असलेल्या दोन गोष्टींवर आमची भिस्त होती: त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश आणि चौकोनाच्या कोनांची ३६० अंश. दोन्ही वाक्यं विचारल्याबरोबर घडाघडा येत होती. ती कशासाठी वापरायची, हा प्रश्न मात्र त्यांच्यापुढे आजवर आला नव्हता.

फट कापण्याची की आकाराची?

पहिलं काम सोपं होतं. प्रत्येक गटाला पुठ्ठ्याचे सुसम, म्हणजे सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेले आकार दिले: समभुज त्रिकोण, चौरस, सुसम पंचकोन, षटकोन, अष्टकोन, सगळ्यांची बाजू ५ सेंटिमीटर. हात लावण्याआधी अंदाज फळ्यावर लिहायचा, कोणता आकार जागा भरेल आणि कोणता नाही. हा अंदाज आधी लिहून घेणं मला फार गरजेचं वाटतं. एकदा तुकडे हातात आले की सगळेच म्हणतात, आम्हाला माहीतच होतं.

बहुतेकांनी पंचकोनाच्या नावापुढे बरोबरची खूण केली होती. तीन पंचकोन एका कोपऱ्याभोवती ठेवल्यावर चिंचोळी फट उरली, तेव्हा सगळ्या गटांचं निदान एकच: "मॅडम, कापताना चूक झालीय." निदान वाजवी होतं, कारण हाताने कापलेल्या पुठ्ठ्यात फटी राहतातच. मग फट कापण्यामुळे आहे की आकारामुळे, हे ओळखायचं कसं? एका मुलाने सुचवलं, सगळ्या गटांच्या फटी मोजू. कापण्यात चूक असेल तर कुणाची मोठी निघेल, कुणाची लहान, कुणाचे तुकडे उलट एकमेकांवर चढतील. कोनमापक लावले. सगळ्यांची उत्तरं ३६ अंशांच्या आसपास निघाली. सगळ्या गटांच्या कात्र्या एकाच मापाने कशा चुकतील?

तिथून हिशोबाकडे जाणं सोपं झालं. सुसम पंचकोनाचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा, तीन मिळून ३२४, पूर्ण फेरीला ३६ कमी. आणि चौथा तर मावतच नाही. त्रिकोणाचे सहा, चौरसाचे चार, षटकोनाचे तीन कोन एका बिंदूभोवती बरोबर ३६० भरतात. षटकोनाच्या पुढे बाजू वाढवत नेल्या की कोन १२० पेक्षा मोठा होतो पण १८० ला कधीच पोचत नाही. म्हणजे तीन ठेवले तर जास्त होतात आणि दोन ठेवले तर अपुरे पडतात. म्हणून एकाच सुसम आकाराची फरसबंदी तीनच प्रकारची. हा युक्तिवाद मुलांनी जवळपास स्वतःच पुरा केला. एकीने मध्येच विचारलं, कोपऱ्याला कोपरा न लावता विटांच्या भिंतीसारखं एकाच्या बाजूच्या मध्यावर दुसऱ्याचा कोपरा आणला तर पंचकोन बसेल का? प्रश्न चांगला होता. तसं केलं तर बाजूच्या एका अंगाला १८० अंश भरावे लागतात, आणि १०८ ने १८० ला भाग जात नाही. चौरसाचे दोन आणि त्रिकोणाचे तीन कोन तिथे मावतात, म्हणून त्यांना सरकवता येतं.

अष्टकोनावर फार थांबलो नाही. दोन अष्टकोनांमधली जागा चौरसाने भरते, १३५ आणि १३५ आणि ९०, हे मुलांनी चुटकीसरशी पाहिलं. पण फटीबद्दलची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पंचकोनांच्या फटी पाहत बसलेल्या एका गटाने पंचकोनांच्या रांगा लावल्या आणि दाखवलं की सगळ्या फटी एकाच आकाराच्या करता येतात, ३६ आणि १४४ अंशांचा बारीक समभुज चौकोन. म्हणजे फट हाच दुसरा तुकडा मानला की पंचकोनही बसतो. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने १५२५ मध्ये छापलेल्या भूमितीच्या पुस्तकात पंचकोन आणि समभुज चौकोनांच्या अशाच रचना आहेत. वर्गाने नियम केला: फट चालेल, पण ती प्रत्येक ठिकाणी तीच असली पाहिजे आणि मोजून दाखवली पाहिजे.

"आमचा चौकोन बसत नाही"

आता मुख्य प्रसंग. पुढच्या तासाला प्रत्येक गटाने स्वतःचा वाकडातिकडा चौकोन काढायचा होता. कुठल्याही दोन बाजू सारख्या नकोत, कुठल्याही दोन बाजू समांतर नकोत. त्याच्या डझनभर प्रती कापायच्या आणि फरसबंदी करून बघायची. कागद दिला होता एका बाजूने रंगीत, दुसऱ्या बाजूने पांढरा घोटीव कागद. हा कागद मुद्दाम निवडलेला होता. का, ते पुढे येईलच.

अंदाज घेतले तेव्हा वर्गातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की असला चौकोन बसणं शक्य नाही. सुसम पंचकोनासारखा देखणा आकार बसत नाही, तर हा कुठून बसणार? आकार जितका नीटस तितका तो बसणारा, ही समजूत मोठ्या माणसांतही खोलवर असते, आणि ती मोडायला वाकड्या चौकोनाइतकं चांगलं साधन मला ठाऊक नाही. मी सांगून टाकलं की कुठलाही चौकोन बसतो, कसा ते तुम्ही शोधा.

आधी प्रत्येकाने एका चौकोनाचे चारही कोपरे फाडून एका बिंदूभोवती ठेवले. पूर्ण फेरी भरली. बेरीज ३६०, पाठ केलेलं वाक्य पहिल्यांदा बोटांखाली आलं. "म्हणजे बसणारच," असा एक सूर निघाला. मी त्याला दुजोरा दिला नाही, नाकारलंही नाही.

थोड्या वेळाने एका गटातली मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणालात कुठलाही चौकोन. आमचा नाही बसत. कोपरे फाडून ठेवले तर बसतात, पण पूर्ण तुकडे ठेवले की नाही." जाऊन पाहिलं. तिच्या गटाचा चौकोन साधारण १००, ६५, ११८ आणि ७७ अंशांचा होता, बाजू चारही वेगळ्या. तुकडे स्वच्छ कापलेले. त्यांनी प्रयत्नही कमी केले नव्हते. तुकडे फिरवून, जागा बदलून पाहिले होते. दोन-तीन तुकडे जुळत, चौथ्याला मोठी पाचर उघडी पडे.

काय घडलंय ते मला पाहताक्षणी दिसलं होतं, सरांनाही दिसलं होतं. सर सांगायला पुढे झाले, मी त्यांना खुणेने थांबवलं. त्या क्षणी उत्तर दिलं असतं तर पाच सेकंदांत फरसबंदी झाली असती आणि विषय संपला असता. त्याऐवजी मी वर्गालाच विचारलं: यांचं म्हणणं खरं की खोटं, कसं ठरवायचं?

पहिली सूचना अर्थातच कापण्यातल्या चुकीची आली. पण आता मुलांकडे आधीच्या तासाची कसोटी होती. पाचर मोठी होती आणि पुन्हा पुन्हा तशीच येत होती. कात्रीचं काम नव्हे. दुसरी सूचना: कदाचित मॅडमचं वाक्यच चूक असेल, काही चौकोन बसत असतील, काही नसतील. ही सूचना धीटपणाची होती आणि तर्काला धरून होती, म्हणून ती फळ्यावर लिहिली.

मग एका मुलाने जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. त्याच्या गटाची फरसबंदी झाली होती. त्याने न बसणाऱ्या गटाचा एक तुकडा मागून घेतला, तो आपल्या कागदावर ठेवून गिरवला, आपल्या पद्धतीने प्रती कापल्या आणि मांडून दाखवल्या. बसल्या. चौकोन तोच, कोन तेच, बाजू त्याच. म्हणजे आकार निर्दोष होता आणि खोट कापलेल्या तुकड्यांत होती. पण तुकडे तर एकमेकांवर ठेवले की तंतोतंत जुळत होते!

आता सगळा वर्ग त्या दोन ढिगांभोवती गोळा झाला. फरक काय? त्या मुलाने सुटे कागद एकावर एक रचून, सगळ्यांची रंगीत बाजू वर ठेवून कापले होते. न बसणाऱ्या गटाने एकच लांब कागद पंख्यासारख्या घड्या घालून कापला होता. मी सुचवलं की तुकड्यांच्या रंगीत बाजूवर कोपऱ्यांना अ, ब, क, ड अशी नावं द्या. १०० अंशांचा अ, मग ६५ चा ब, ११८ चा क, ७७ चा ड. नावं घालताना एका मुलीचा हात थबकला. "यात अ, ब, क, ड घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. ह्यात उलटं." घड्यांमुळे एकाआड एक तुकडा आरशातल्या प्रतिमेसारखा निघाला होता. तुकडे एकमेकांवर जुळवून पाहताना मुलं ते नकळत पालथे करत होती, म्हणून ते जुळत. मांडताना मात्र सगळ्यांनी रंगीत बाजू वर ठेवली होती.

उलटे तुकडे पालथे केले, पांढरी बाजू वर आली, आणि चौकोन बसला. गटातल्या मुलांनी नंतर मांडणी थोडी बदलून सरळ ठेवलेले सगळे रंगीत आणि अर्धं वर्तुळ फिरवलेले सगळे पांढरे असे लावले, तर बुद्धिबळाच्या पटासारखी रंगीत-पांढरी नक्षी आपोआप तयार झाली.

उलटा तुकडा का आड येतो

इथेच थांबलो असतो तरी मुलं खूश होती. पण उलटा तुकडा चालत का नाही, हा प्रश्न बाकी होता, आणि त्याचं उत्तर सातवीच्या गणितात मावतं.

एका चौकोनाची अब ही बाजू घ्या. तिच्या पलीकडे त्याच चौकोनाची दुसरी प्रत तीच बाजू लावून ठेवायची. दोनच मार्ग आहेत. एक, प्रत अर्धं वर्तुळ फिरवायची. मग पहिल्याच्या अ शेजारी दुसऱ्याचा ब येतो आणि ब शेजारी अ. दुसरा, प्रत पालथी करायची. मग अ शेजारी अ येतो आणि ब शेजारी ब. तिसरा मार्ग नाही. आता दुसऱ्या मार्गाने गेलो तर त्या बिंदूशी १०० अंशांचा कोन दोनदा आला. झाले २००, उरले १६०. हातात असलेल्या ६५, ७७, १०० आणि ११८ या कोनांतून १६० बनवा. मुलांनी सगळ्या जोड्या लिहून काढल्या: ६५ आणि ७७ चे १४२, दोन ७७ चे १५४, ६५ आणि १०० चे १६५. १६० कुठेच नाही. तीन कोन घेतले तर सर्वांत लहान बेरीजही १९५. म्हणजे पाचर राहणारच किंवा तुकडा चढणारच. पाचर कुठून येते ते मुलांच्याच चौकोनाच्या आकड्यांनी दाखवलं.

पहिल्या मार्गाने गेलो, म्हणजे दर वेळी बाजूच्या मध्यबिंदूभोवती अर्धं वर्तुळ फिरवत गेलो, की काय होतं? दोन चौकोन मिळून सहा बाजूंचा आकार होतो, ज्याच्या समोरासमोरच्या बाजू समान आणि समांतर असतात. हा सहा बाजूंचा जोडतुकडा न फिरवता, नुसता सरकवत नेला की जागा भरत जाते, आणि प्रत्येक बिंदूशी अ, ब, क, ड चारही एकेकदा हजर असतात. त्रिकोणाचंही असंच, दोन मिळून समांतरभुज चौकोन. एका मुलाने विचारलं, एक कोपरा आत वळलेला असला तर? २१० अंशांचा एक कोपरा असलेला, बाणाच्या टोकासारखा चौकोन कापला. उरलेले तीन कोन मिळून १५० होतात, तेही बसतात. बघणाऱ्याला खोटं वाटावं इतकं छान बसतात.

माझ्या मते फरसबंदीच्या धड्याचा गाभा हा आहे. बहुतेक ठिकाणी तो "एका बिंदूशी कोनांची बेरीज ३६० हवी" या वाक्यावर संपतो. ते वाक्य खरं आहे, पण अर्धंच आहे. फाडलेले कोपरे आणि पूर्ण तुकडे यांत बाजू नावाची गोष्ट येते, आणि बाजू जुळायच्या तर तुकडा कसा हलवला, सरकवला, फिरवला की पालथा केला, हे सांगता आलं पाहिजे. न बसणाऱ्या चौकोनाच्या गटाला बेरीज माहीत होती. त्यांना हालचाल सापडायची होती.

कापून सरकवणे

यानंतर चौरसापासून आपापला आकार घडवायचं काम आलं आणि तास सरांच्या हाती गेला. पद्धत जुनी आणि सोपी. ६ सेंटिमीटर बाजूच्या पुठ्ठ्याच्या चौरसावर डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, चौरसाच्या आतून, मनाला येईल तशी वळणदार रेघ काढायची. त्या रेघेवर कापायचं. निघालेला तुकडा तसाच उजवीकडे सरकवून, त्याची सरळ कड चौरसाच्या उजव्या कडेला लावून चिकटपट्टीने जोडायचा. मग वरच्या आणि खालच्या बाजूंचं तेच. हा झाला साचा. तो गिरवत पान भरायचं.

कुठे गाडी अडते ते शिकवणाऱ्याने ध्यानात ठेवावं. जोडताना तुकडा किंचित वर-खाली सरकला तर पहिल्या ओळीत कळत नाही, तिसऱ्या-चौथ्या ओळीला फटी दिसू लागतात. चिकटवताना कडा एकमेकींवर चढवल्या तर साचा बारीक होतो. क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटरच राहायला हवं, कारण काही टाकलं नाही आणि काही भर घातली नाही. साचा आलेख कागदावर ठेवून चौकटी मोजल्या की शंका फिटते. आणि कापलेला तुकडा सरकवण्याआधी त्याच्यावर बाण काढून ठेवावा, म्हणजे तो हातात असताना फिरला की नाही ते कळतं.

या बाणाची सूचना मुलांनीच केली, आधीच्या अनुभवावरून. तरीही एकाचा तुकडा जोडताना पालथा झाला. वरचं टोक खाली गेलं. साचा तयार झाला आणि शेजारी शेजारी बसेना. तो फेकून देणार तेवढ्यात न बसणाऱ्या चौकोनाच्या गटातली तीच मुलगी म्हणाली, "थांब, साचा पालथा करून बघ." एक सरळ, त्याच्या शेजारी एक पालथा, पुन्हा सरळ. बसला. चौकोनाच्या वेळी पालथं करणं आड आलं होतं, इथे तेच उपयोगी पडलं. कारण उघड आहे: उजवी कड ही डाव्या कडेची वरखाली उलटी प्रत असेल तर शेजाऱ्याची डावी कडही उलटीच हवी. सरांना हे इतकं आवडलं की ज्यांचे साचे झाले होते त्यांना त्यांनी दुसरा साचा मुद्दाम असा करायला लावला. चौरसाच्या डाव्या बाजूचा तुकडा कोपऱ्याभोवती पाव फेरी फिरवून वरच्या बाजूला लावणं हाही एक मार्ग. समोरच्या कोपऱ्याशी उरलेल्या दोन बाजूंचं तेच करायचं. तो थोड्यांनीच केला, पण त्यातून निघालेली चक्राकार नक्षी भिंतीवर सगळ्यांत उठून दिसली.

साच्यात कोण दिसतं ते पाहून डोळा, चोच, खवले काढण्याचं काम शेवटचं. एशरची चित्रं तेव्हा दाखवली. मुलांनी चित्र बघून "वा" म्हणायच्या आधी विचारलं, याच्या खाली कुठला आकार आहे? षटकोन आहे का? हे फिरवलंय की सरकवलंय? हेच प्रश्न यावेत म्हणून चित्रं मागे ठेवली होती.

तपासलं काय

गुण सुंदर पानाला द्यायचे नाहीत, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. प्रत्येकाने फक्त साचा दुसऱ्या गटातल्या एकाला द्यायचा, सोबत एक वाक्य: साचा सरकवायचा, फिरवायचा की पालथा करायचा. समोरच्याने तेवढ्या माहितीवर पान भरायचं. वाक्य नीट असेल तर पान भरतं, नसेल तर परत येऊन विचारावं लागतं. ज्यांची रेखाटनं साधी होती अशा काही मुलांची वाक्यं सर्वांत नेमकी निघाली. उलट, रंगकामात पुढे असलेल्या एकीने साच्याच्या फटी रंगात दडवल्या होत्या. दुसऱ्याच्या हातात साचा गेल्यावर त्या उघड्या पडल्या, आणि तिने स्वतःच साचा पुन्हा केला.

पंचकोनाचा विषय मुलं विसरली नव्हती. सुसम नाही, पण दुसरा कुठला पंचकोन बसेल का? चौरसावर त्रिकोण ठेवलेला, घराच्या आकाराचा पंचकोन बसतो हे त्यांनी पाहिलं, आणि मग मी त्यांना पंचकोनांची खरी हकिगत सांगितली. कोपरे बाहेरच असलेल्या, म्हणजे बहिर्वक्र पंचकोनांचे जागा भरणारे पाच प्रकार कार्ल राइनहार्टने १९१८ मध्ये दिले. १९६८ मध्ये रिचर्ड कर्शनरने आणखी तीन काढले आणि यादी पुरी झाली असं मानलं गेलं. १९७५ मध्ये रिचर्ड जेम्सने नववा दाखवला. मग मार्जोरी राइस या गृहिणीने, शाळेच्या पुढे गणित शिकलेलं नसताना, मासिकातला लेख वाचून स्वतःची खूणपद्धत तयार केली आणि चार नवे प्रकार शोधले. चौदावा १९८५ मध्ये, पंधरावा २०१५ मध्ये. आणि २०१७ मध्ये मिशेल राओने संगणकाच्या मदतीने आणखी नाहीत असं दाखवलं. यादी पुरी म्हणून जाहीर झाल्यावर पुन्हा उघडली गेली, हे ऐकताना वर्गात पूर्ण शांतता होती.

पालथ्या तुकड्यावरचा वाद मात्र मुलांनी माझ्याही अपेक्षेपलीकडे नेला. पालथा केलेला तुकडा "तोच" मानायचा की दुसरा? अर्धा वर्ग म्हणे तोच, कारण पुठ्ठा एकच आहे. अर्धा म्हणे दुसरा, कारण फरशी पालथी घालता येत नाही, तिची एकच बाजू वर ठेवण्याजोगी असते. मला तेव्हा २०२३ मधली गोष्ट सांगता आली. डेव्हिड स्मिथ या हौशी अभ्यासकाला २०२२ च्या अखेरीस पुठ्ठ्याचे तुकडे मांडता मांडता तेरा बाजूंचा एक आकार सापडला. तो सगळी जागा भरतो, पण अशा रीतीने की नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा तशीच कधीच येत नाही. गणितज्ञ रॉजर पेनरोझने १९७० च्या दशकात दोन आकारांत हे साधलं होतं; एकाच आकारात साधतं का, हा प्रश्न तेव्हापासून पडून होता. स्मिथ आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये सिद्धतेसह तो आकार मांडला. त्यावर लगेच आक्षेप आला तो नेमका आमच्या वर्गातला: या मांडणीत काही तुकडे पालथे करावे लागतात, मग हा एक आकार की दोन? काही आठवड्यांतच त्याच चौघांनी पालथं न करता चालणारा दुसरा आकार दिला.

वर्गाने शेवटी असं ठरवलं: ज्याच्या साच्यात पालथं करणं लागतं, त्याने साच्याच्या दोन्ही बाजूंवर खूण करायची, आणि भिंतीवरच्या पानाखाली तसं लिहायचं. दोन साचे म्हणायचे की एक, ते बघणाऱ्याने ठरवावं.

ज्यांच्याकडे एवढे तास नाहीत त्यांना एक सांगते. सुसम आकार थोडक्यात आटपा, प्राणी-पक्षी दुसऱ्या दिवसावर टाका, पण वाकडा चौकोन गाळू नका, आणि त्यासाठी कागद एका बाजूने रंगीतच घ्या. दोन्ही बाजूंनी सारख्या कागदात मुलं तुकडे नकळत उलटे-पालटे करतात, कधी जुळतं, कधी नाही, आणि का ते कुणाच्याच हाती लागत नाही. घड्या घालून कापणाऱ्या गटाला अडवूही नका. त्यांचा तुकडा दुसऱ्या गटाकडून गिरवून बघायची वेळ येईपर्यंत थांबा.